भिंतीची आतली बाजू

१

कलिंगड घेताना ते ठोकून बघणं सगळेच करतात. मी ज्या फळीवर कलिंगड ठेवलेलं असतं ती फळीही ठोकून बघतो. लिफ्टची भिंत ठोकतो. कुणाकडे चहाला गेलो तर बोलता बोलता त्याच्या भिंतीला एक टिचकी मारतो आणि बिल्डरनं त्याला कुठे फसवलंय ते मनातल्या मनात समजून घेतो. दुबईत करामाच्या भाजीवाल्यासमोर संपदा, म्हणजे माझी बायको, डोळे वटारायची. "अहो, लोक बघतायत." बघू देत की! मी रामेश्वर घाडी, बोगद्यांचा फोरमन. दगड भरीव की पोकळ हे मला कानानं कळतं, आणि त्यात चमत्कार काही नाही, उभा जन्म तेच केलंय.

मूळचा देवगडकडचा. वडील विहिरी खणायचे, मी दुबईच्या पोटात बोगदे खणले. बिहारी, नेपाळी, पठाण, आपले कोकणातले, सगळे माझ्या हाताखालून गेले. पण एकही माणूस मी आत सोडून आलेलो नाही. लोक डिग्र्या सांगतात, गाड्या सांगतात. मी एवढंच सांगतो, आणि छाती ठोकून सांगतो.

हे आपोआप होत नाही. वडिलांची विहिरीवरची एक पद्धत होती, ती मी इकडे आणली. एखादी पोकळी कायमची बंद करायची असेल तर शेवटचा दगड बसवायच्या आधी बाहेरून दोनदा ठोकायचं. टक्, टक्. म्हणजे, आत कोण आहे का? आत कुणी असेल त्यानं एकदाच ठोकायचं. टक्. आहे. उत्तर आलं की काम थांबलं. भिंत फोडायची, माणूस काढायचा, मग भिंत कितीही महागाची असो आणि साहेब कितीही नाचो. बाहेर आलेल्या माणसाचा हात हातात घेऊन विचारायचं, "मागे कोण?" तो म्हणणार, "मागे कोणी नाही."

आणि त्याच्या शब्दावरही भरवसा ठेवायचा नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलून जातो. म्हणून हातोडी त्याच्याच हातात द्यायची आणि शेवटचं ठोकणं त्यालाच करायला लावायचं. आपलं माणूस आत ठेवून कुणाचा हात उचलत नाही, हे वडिलांचं म्हणणं. मी आयुष्यभर पाहिलं, ते खरंच आहे.

एकदा अल कूजच्या बाजूला गटाराच्या कामात माती बसली. क्लायंटचा माणूस म्हणाला, "खलास, छोडो, कोई नहीं बचा." मी दोनदा ठोकलं आणि पाइपातून एक ठोका आला. त्यानंतर मला कुणी हलवून दाखवावं! त्यांनी मशीन बंद केलं, तर आम्ही हातांनी खणलं. नेपाळी पोरगा होता, बाहेर आला तेव्हा माझ्या हातांना नखं उरली नव्हती. एकदा उत्तर आलं की मी थांबत नाही. मला थांबताच येत नाही.

२

फुजैराच्या बाजूच्या डोंगरात, एका वादीच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या, टोकाशी सोन्याची जुनी खाण आहे. किती जुनी ते पाटीवर लिहिलंय, मी वाचलेलं नाही. ती पर्यटकांसाठी खुली करायचं ठरलं तेव्हा आत आधार देणं, दिवे, चालायची फळी हे सगळं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीनं ते माझ्या गळ्यात घातलं. आत शेवटाला एक डावा फाटा होता. त्याचं छत ठोकलं की भद्द असा आवाज यायचा, कुजलेल्या नारळासारखा. मी म्हटलं, इथे पर्यटक न्यायचा नाही, हा फाटा बंद करा. ब्लॉकची भिंत मी स्वतः उभी राहून घालून घेतली. रीतसर ठोकलं, उत्तर नाही. शेवटच्या माणसाचा हात धरला, त्याच्याकडून ठोकवलं, उत्तर नाही. मग शेवटचा ब्लॉक, वरून गिलावा. असा गिलावा की त्यावर भाकरी थापावी.

गेट उघडायच्या आधी कंपनीनं आम्हा काम करणाऱ्यांच्या घरच्यांना एक दिवस दिला. फुकट. बसमधून न्यायचं, खाण दाखवायची, बिर्याणी खायला घालायची आणि परत आणायचं.

"एरवी तिकीट कितीला?" संपदानं बसमध्ये विचारलं.

"साठ दिरहम."

"साठ? म्हणजे तेरा-चौदाशे रुपये? भोकात शिरायचे?"

"भोक कुणी नीट केलंय ते बघ की!"

ती हसली. खरं सांगतो, त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. इतकी वर्षं संपदा आणि आमची पोरगी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्या एका खोलीत राहिल्या, आणि मी रोज संध्याकाळी धुळीनं माखून घरी येणारा माणूस. मी काय करतो ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. बोगदा झाकल्यावर वरून रस्ता होतो, बायकोला काय दाखवणार, रस्ता? ही खाण पहिलीच गोष्ट होती जिच्यात मी त्यांना हात धरून नेऊ शकत होतो.

ईश्वरी आमची एकुलती एक. नऊ वर्षांची. मी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघं मराठीत करतो. हट्टी इतकी की शाळेच्या बाईंनी फोन करून सांगितलं, ही चूक कबूल करते पण शब्द फिरवत नाही. संपदाला काळजी वाटली. मला बरं वाटलं.

खाणीच्या तोंडाशी तहा पावसकर उभा होता. कंपनीचा इंजिनिअर, रत्नागिरीच्या घरातला, जन्म शारजाचा. हुशार आणि सरळ पोरगा. त्यानं सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला आणि ईश्वरीला म्हणाला, "ही खाण तुझ्या पप्पांच्या खांद्यावर उभी आहे, माहितेय?"

"रिअली?" ती माझ्याकडे बघत म्हणाली.

मी उगाच हेल्मेटचा पट्टा सारखा केला. डोळ्यांत धूळ गेली होती.

३

आत शिरलं की बाहेरची भट्टी दोन पावलांत मागे राहते. दिवे पिवळे लावलेत, पर्यटकाला सोनं दिसल्यासारखं वाटावं म्हणून. ती तहाची आयडिया. भिंतींवर छिन्नीचे बारीक घाव आहेत. ज्यांनी ते केले त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, पण हात चांगले होते, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. एक घाव फुकट गेलेला नाही.

मी दोघींना सगळं दाखवत होतो. हा आधार मी टाकला. इथून पाणी झिरपत होतं, ते असं वळवलं. ही फळी हलते का बघ, नाच तिच्यावर. ईश्वरी नाचली. संपदा म्हणाली, "किती बोलताय हो आज!" पण तिनं माझा दंड धरला होता आणि सोडत नव्हती.

तहाचा जथा पुढे गेला, शेवटाला जाऊन परत फिरला आणि आमच्याजवळून बाहेर निघाला. बिर्याणीचा वास तोंडापर्यंत आला होता. तहा म्हणाला, "रामेश्वरभाऊ, यल्ला, जेवण गार होईल."

"तुम्ही व्हा पुढे. यांना माझा गिलावा दाखवतो आणि आलोच."

"गिलावा बघायला कोण येतं?" तहा हसत गेला.

शेवटाला दोरी बांधली होती. दोरीपलीकडे डावा फाटा आणि फाट्याच्या तोंडावर माझी भिंत. दोरीपासून दिवे नव्हते, म्हणून मी टॉर्च मारला.

गिलावा नव्हता.

आधी मला राग आला, दुसरं काही नाही. च्यायला, माझ्यामागे कुणी खरवडला? मी दोरीखालून वाकून जवळ गेलो. खरवडलेला नव्हता. खरवडलं की ब्लॉकवर ओरखडे राहतात, खाली भुगा पडतो. खाली नुसती खडी होती, भुगा नव्हता. ब्लॉक कोरे होते आणि सांध्यांमधून सिमेंटचा माल जिभेसारखा बाहेर आला होता आणि तसाच वाळला होता.

ज्यानं कधी भिंत घातली नाही त्याला हे सांगावं लागेल. आपण ब्लॉक रचतो तेव्हा दाबलेला माल दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. आपल्या बाजूचा थापीनं कापतो, घासतो, गिलावा करतो. पलीकडच्या बाजूचा तसाच राहतो, कारण तिकडे हात पोचत नाही आणि तिकडून बघणारं कुणी नसतं. म्हणजे मी बघत होतो ती माझ्याच भिंतीची आतली बाजू होती. जी बाजू दिसायला माणूस आत कोंडलेला असावा लागतो.

४

"काय झालं?" संपदानं विचारलं.

"काही नाही. कुणीतरी भिंत पाडून पुन्हा घातलीय. अडाण्याचं काम आहे."

मी स्वतःला हेच सांगितलं. दुसऱ्या कुठल्या कॉन्ट्रॅक्टरनं पाडली असेल, घाईत गिलावा राहिला असेल. पण मग त्याच्या बाजूला माल असा जिभा काढून कसा राहील? ती बाजू तर त्याच्या हाताखालची. तो उभा कुठे राहिला असेल? फाट्याच्या आत उभा राहून घातली म्हणावं, तर मग तो बाहेर कसा आला? आणि ब्लॉक माझेच होते. खालच्या थरातला अर्धा ब्लॉक मी स्वतः फोडून बसवला होता, त्याची तिरकी कड तशीच होती, फक्त आता उजवीकडची डावीकडे होती.

मला तेव्हाच निघायला हवं होतं. पण माझ्या कामात कुणी लुडबुड केली की माझं डोकं फिरतं, आणि बायको-पोरीसमोर मी काही न समजल्यासारखा उभा होतो. ते मला सहन होईना.

"थांब, ठोकून बघतो," मी म्हणालो.

"पप्पा, तो टू-नॉक वाला?" ईश्वरीनं विचारलं. तिला ती पद्धत पाठ होती. गोष्ट म्हणून मी तिला तीच सांगत आलो होतो, नेपाळी पोरगा, पाइपातला ठोका, सगळं. ती दोरीखालून सरपटत माझ्याजवळ आली आणि उकिडवी बसली.

"तोच. बघ हं, बाहेरून दोन." मी खालचा एक दगड उचलला. "आणि आत कुणी असेल तर एक. उत्तर आल्यावर सोडून जायचं नाही, कळलं?"

"आय नो."

मी हात उचलला. पण माझ्या आधी भिंत वाजली.

टक्, टक्.

संपदा म्हणाली, "अगं बाई! पलीकडेही काम चाललंय का?"

मी म्हणालो, "दगड तापतो, गार होतो, तेव्हा वाजतो." आत ऊन येत नाही हे मला माहीत होतं. मग म्हणालो, "पाइप असेल." तिकडे पाइप नव्हता, आम्ही टाकलाच नव्हता. बाहेर लोक हसत-बोलत होते, त्यांचे आवाज बोगद्यातून अगदी बारीक येत होते. मी कान भिंतीला लावला. ब्लॉक कोमट होता.

पुन्हा वाजलं. टक्, टक्. मध्ये तेवढंच अंतर. घाई नाही, भीती नाही. ते कोंडलेल्या माणसाचं ठोकणं नव्हतं. कोंडलेला माणूस कसा ठोकतो ते मी ऐकलंय, तो वेड्यासारखा ठोकतो. हे विचारणाऱ्याचं ठोकणं होतं. हातात शेवटचा दगड घेऊन उभ्या असलेल्या फोरमनचं.

आत कोण आहे का?

एवढी वर्षं हा प्रश्न मी विचारलाय. तो मला कुणी विचारला नव्हता.

"गप्प राहा," मी कुजबुजलो. "कुणी काही करायचं नाही. उत्तर नाही आलं की तो बंद करून जाईल."

मी हे संपदाकडे बघून बोललो. पोरीकडे बघून बोलायला हवं होतं. माझ्या गुडघ्याजवळ एक दगड ब्लॉकवर आपटला, एकदाच, नीट, मी शिकवला होता तसा.

टक्.

"आन्सर द्यायचं असतं ना, पप्पा?" ईश्वरी म्हणाली.

५

मग पलीकडे खरवडायला सुरुवात झाली.

मी तिला उचललं, संपदाचा हात धरला आणि आम्ही दोरीपर्यंत मागे आलो. पळायला रस्ता होता. पिवळे दिवे होते, फळी होती, टोकाला उजेडाचा ठिपका होता. कुणीही म्हणेल, मग पळाला का नाहीस? मी पळालो असतो. पण मला पलीकडचा कळत होता. तो पहार कशी घालतोय ते ऐकू येत होतं. सांधा धरून, ब्लॉक न फोडता, आतल्या माणसाला लागू नये म्हणून हळू. त्याच्या मागून कुणीतरी त्याला काहीतरी ओरडत असावं, थांब म्हणत असावं, कारण मध्येच एक क्षण थांबला आणि मग दुप्पट जोरानं लागला. त्याला उत्तर आलं होतं. उत्तर आल्यावर मी थांबलो असतो का? गटारातून काढलेल्या त्या पोरासाठी मी जगाच्या पाठीवर कुठवरही खणत गेलो असतो. हा तसाच होता. आज भिंत, उद्या डोंगर, परवा आमच्या खोलीची फरशी. पोरगी शाळेत असो, झोपलेली असो, हा तिच्यापर्यंत खणत येणार आणि तिला काढणार, आणि तेही पुण्याचं काम म्हणून.

मला आयुष्यात कशाची भीती वाटली नव्हती तेवढी माझ्यासारख्या माणसाची वाटली.

ब्लॉक निघाला. वरचा नाही, मधला नाही. अगदी खालचा, ईश्वरीनं जिथे ठोकलं होतं त्याच्या शेजारचा. पलीकडून उजेड आला, पिवळा, पण आमच्या दिव्यांसारखा नाही. दुसरा ब्लॉक निघाला. मग भोकातून एक हात आत आला.

तो हात मला नीट दिसला. कोपरापर्यंत धूळ, बोटांना घट्टे, तळव्याच्या रेषांमध्ये पिवळी भुकटी बसलेली, घासून न जाणारी. चांगल्या माणसाचा हात होता. तो उंच नाही, खाली, पोरीच्या उंचीला थांबला, तळवा वर करून. वाट बघत.

ईश्वरी माझ्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, "सॉरी पप्पा. सॉरी. आय डिडन्ट नो."

"तू काही चुकली नाहीस," मी म्हणालो. "ठोका एकदम बरोबर होता." ते खरंच होतं. घाबरलेल्या पोरीशी खोटं बोलायची गरज नव्हती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. एकच ठोका पडला होता. पलीकडच्याला एकच माणूस काढायचा होता. कोण, ते त्याला कुठे माहीत होतं?

मी संपदाला म्हणालो, "हिला घेऊन उजेडाकडे चाल. सरळ. तहाजवळ जाऊन बस."

"आणि तुम्ही?"

"फोरमन शेवटी निघतो."

"अहो, असलं काही बोलू नका. चला. चला ना हो, तुमच्या पाया पडते." तिनं माझा शर्ट मुठीत धरला. ती मूठ मला एकेक बोट करून सोडवावी लागली. एवढी ताकद तिच्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला तिचा किती अभिमान आहे हे मी तिला कधी नीट सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगता आलं नाही, मी फक्त म्हणालो, "वेळ नाही गं."

मग मी ईश्वरीपुढे बसलो. "माझ्याकडे बघ. आता यापुढे ठोका ऐकू आला तर उत्तर द्यायचं नाही. कुणीही ठोकलं तरी. माझा ठोका असला तरी."

"बट यू ऑलवेज सेड..."

"मी सांगितलं होतं ते सगळ्या दुनियेसाठी. हे फक्त तुझ्यासाठी आहे. शब्द दे."

ती रडत होती, पण तिनं माझ्या तळव्यावर तळवा ठेवला. "प्रॉमिस," म्हणाली. आणि मग मराठीत, "नाही देणार."

मी भिंतीकडे गेलो, जमिनीवर पालथा झालो आणि त्या हातात माझा हात दिला.

६

भिंतीच्या इकडचं मी फारसं सांगणार नाही. काही गोष्टींना माझ्याकडे शब्द नाहीत आणि काहींकडे मी अजून सरळ बघितलेलं नाही. ओढताना त्यानं माझं डोकं ब्लॉकला लागू दिलं नाही, एवढं सांगतो. बाहेर रांगेत माणसं उभी होती, पाठीमागून उजेड, त्यामुळे तोंडं दिसत नव्हती. पण सगळ्यांचे हात पुढे केलेले होते, आणि सगळ्यांचे तळवे पिवळे. कुणीतरी माझी पाठ थोपटली. माझ्या बाहेर येण्याचा त्यांना एवढा आनंद झाला होता की मला लाज वाटली.

त्यानं माझा हात सोडला नव्हता. त्यानं काय भाषा वापरली मला माहीत नाही, पण प्रश्न मला कळला. तो दुसरा कुठला असणार!

मागे कोण?

माझी बायको मागे होती. माझी पोरगी मागे होती. आयुष्यात एकही माणूस मी आत सोडला नाही म्हणून मिरवणारा मी, त्याच्या डोळ्यांच्या जागी बघत म्हणालो, "मागे कोणी नाही."

माझ्या धंद्यातलं हे पहिलं खोटं. जीभ अडखळली नाही.

त्यानं मान हलवली. आणि मग त्यानं तेच केलं जे मी केलं असतं. हातोडी उलटी करून, दांडा माझ्याकडे करून, ती माझ्या हातात दिली.

ब्लॉक परत बसवून झाले होते, शेवटच्याची जागा तेवढी उघडी होती. ते सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी हळू ठोकलं असतं, चुकीचं ठोकलं असतं, तर त्यांना तेव्हाच कळलं असतं. त्या लोकांचा एक घाव फुकट जात नाही, त्यांना फसवता येत नाही. म्हणून मी तसं ठोकलं जसं नेहमी ठोकतो, पूर्ण मनगटातून. वडील म्हणायचे हात उचलत नाही. उचलला. कसा ते मला विचारू नका.

टक्, टक्.

दोघी गेल्या असतील असं मी धरून चाललो होतो. गेल्या नव्हत्या. पलीकडे, भिंतीला अगदी लागून, बुटाचा तळ खडीवर घासला. संपदाचा अर्धा हुंदका ऐकू आला आणि कुणीतरी तो तोंडावर हात ठेवून दाबला. ईश्वरी तिथेच होती. तिच्या शेजारी दगड पडलेला होता, आणि तिला माझा ठोका दुनियेत सगळ्यांपेक्षा चांगला ओळखता येतो. तिचा बाप भिंतीपलीकडून विचारत होता, आत कोण आहे का? आणि तिनं एकदा हात आपटला असता तर भिंत पुन्हा उघडली असती, आणि मी तिला दिसलो असतो.

मी थांबलो. ते सगळे थांबले. फोरमननं किती थांबायचं ते ठरलेलं असतं, आणि ते संपेपर्यंत माझ्या छातीत जे झालं ते मी कुणा वैऱ्यालाही देणार नाही.

उत्तर आलं नाही.

नऊ वर्षांची पोर. अंधारात, बापाचा आवाज समोर, आणि तिनं शब्द दिला होता म्हणून हात मांडीखाली दाबून बसली असणार, मी तिला ओळखतो. मोठमोठ्या माणसांना मी त्या जागी मोडताना पाहिलंय. ती मोडली नाही. माझ्या हाताखाली एवढी माणसं तयार झाली, पण असं एक झालं नाही.

मी हातोडी परत दिली आणि शेवटच्या ब्लॉककडे बोट केलं. "लावा," म्हणालो. "आत कोणी नाही."